प्रतिकृती-विमानास इंजिन कोणते निवडावे?

खऱ्या विमानाची प्रमाणबद्ध प्रतिकृती तयार करून ती रेडिओच्या साहाय्याने आकाशात फिरविणे हा छंद वरवर पाहता मुलांच्या खेळासारखा वाटतो. वस्तुतः त्याला सुताराचा हात, शिंप्याची नजर आणि गणित्याची शिस्त लागते. बाल्सा लाकडाच्या फासळ्या कापण्यात आणि त्यांवर कापड ताणून बसविण्यात हौशी कारागिराच्या वर्ष-दीड वर्षाच्या संध्याकाळी खर्ची पडतात. एवढे झाल्यावर इंजिन निवडताना मात्र तो पुष्कळदा एकच विचार करतो : शक्ती जितकी अधिक, तितके विमान सुरक्षित. हा समज चुकीचा आहे, आणि कधी कधी त्याची किंमत म्हणून सारे विमानच द्यावे लागते.

उदाहरणार्थ, टायगर मॉथ हे विमान घ्यावे. दुहेरी पंखांचे हे विमान १९३१ साली इंग्लंडात प्रथम उडाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावर अनेक भारतीय तरुणांनी याच विमानावर उड्डाणाचे पहिले धडे गिरविले. त्याच्या पंखांचा विस्तार ८.९४ मीटर, पंखांचे क्षेत्रफळ सुमारे २२ चौरस मीटर, कमाल वजन सुमारे ८२८ किलोग्रॅम आणि जिप्सी मेजर इंजिनाची शक्ती १३० अश्वशक्ती.

आता याची एक-चतुर्थांश मापाची प्रतिकृती करावयाची आहे असे समजावे. लांबी चौथ्या हिश्शावर आली, की क्षेत्रफळ सोळाव्या हिश्शावर येते आणि वजन चौसष्टाव्या. म्हणजे पंखविस्तार सव्वादोन मीटर आणि वजन फार तर तेरा किलोग्रॅम. पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर पडणारा भारही कमी होऊन केवळ चौथाई उरतो. त्यामुळे हवेत तरंगण्यास लागणारा वेग निम्मा पुरतो. शक्ती ही वजन आणि वेग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात लागते. चौसष्टावा हिस्सा आणि त्याचा निम्मा, म्हणजे एकशे अठ्ठाविसावा हिस्सा. १३० अश्वशक्तीला १२८ ने भागले असता उत्तर येते जेमतेम एक अश्वशक्ती! लहान प्रोपेलर मोठ्याइतका कार्यक्षम नसतो, आणि काही शक्ती राखीवही हवी. यास्तव दोन अश्वशक्ती धरावी. वीस ते तीस सी.सी.चे इंजिन एवढे काम सहज करते. पन्नास सी.सी.चे इंजिन पाच अश्वशक्तीच्या आसपास देते खरे. परंतु ते वीस सी.सी.च्या इंजिनाहून जवळजवळ दुप्पट जड असते.

हे जादा वजन तेवढ्यावर थांबत नाही. जड इंजिनासाठी मजबूत सांगाडा हवा, मोठी टाकी हवी, दणकट चाके हवीत. वजन वाढले की वेग वाढतो, आणि येथेच प्रतिकृतीचे सारे सौंदर्य नष्ट होते. माप चौथाई आणि वेग निम्मा असल्यामुळे प्रतिकृती मुळातच पाहणाऱ्यास दुप्पट घाईने जाते असे भासते. खरा टायगर मॉथ आकाशात रेंगाळतो. जड प्रतिकृती बाणासारखी सुटते. ती जितकी हलकी, तितकी अस्सल दिसते. आठ-नऊ किलोग्रॅममध्ये काम साधले, तर पाहणाऱ्यांना क्षणभर खऱ्या विमानाचा भास होतो.

शक्तीचा आकडा ठरल्यावर प्रश्न येतो तो इंजिनाच्या प्रकाराचा. जाहिरातीतील अश्वशक्ती बहुधा अतिशय वेगाने फिरणाऱ्या इंजिनाची असते. मंदगती विमानाला मात्र मोठ्या व्यासाचा, कमी पिचाचा आणि सावकाश फिरणारा प्रोपेलर मानवतो. कारण विमानाच्या रुंद नाकाने झाकलेला प्रोपेलरचा मधला भाग फारसा उपयोगी पडत नाही, आणि काम करतात ती पात्यांची टोके. टू-स्ट्रोक इंजिन हलके व साधे असते, पण त्याची खरी ताकद वेगात असते. फोर-स्ट्रोक इंजिन थोडे जड व महाग असले, तरी मोठा प्रोपेलर सावकाश फिरविते, आणि त्याचा संथ आवाजही जुन्या विमानास शोभतो. पेट्रोलच्या इंजिनास मिथेनॉलवर चालणाऱ्या ग्लो-प्लग इंजिनापेक्षा इंधनाचा खर्च फार कमी येतो. मात्र त्याची कंपने सोसतील अशी बैठक बनवावी लागते. विजेच्या मोटारीला तेल नाही, धूर नाही आणि हवेत अचानक बंद पडण्याची धास्तीही कमी. पण लिथियमच्या बॅटऱ्या जपून हाताळाव्या लागतात. बॅटरीची शक्ती वॅटमध्ये मोजतात. ७४६ वॅट म्हणजे एक अश्वशक्ती, एवढे ध्यानात ठेवले की हिशोब जुळतो.

एका बाबतीत मात्र जड इंजिन उपकारक ठरते. पहिल्या महायुद्धातील सॉपविथ कॅमलसारख्या विमानांचे नाक फारच आखूड होते. खऱ्या विमानात जड रोटरी इंजिन तोल सांभाळी. प्रतिकृतीत हलके इंजिन बसविले, तर शेपूट जड होऊन नाकात शिसे भरावे लागते. शिसे काही प्रोपेलर फिरवीत नाही. तेव्हा तेवढे वजन इंजिनातच घ्यावे, हा व्यवहार शहाणपणाचा. म्हणून सांगाड्याचा तोल कोठे येतो हे आधी पाहावे, आणि मगच इंजिनाचा निर्णय करावा.

इंजिन नाकाच्या आच्छादनात मावले, म्हणजे काम संपले असेही नव्हे. आत आलेली थंड हवा सिलिंडरच्या पंखुड्यांवरूनच जावी, इकडेतिकडे पळू नये, म्हणून आत आडपडदे बसवावे लागतात. आणि तापलेली हवा फुगत असल्याने ती बाहेर पडण्याची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षा दुप्पट तरी मोठी ठेवावी लागते. टायगर मॉथचे मूळ इंजिन उलटे, म्हणजे सिलिंडर खाली असलेले आहे. प्रतिकृतीतही इंजिन उलटे बसविले की ते छान झाकले जाते. पण मग कार्बोरेटर खाली येतो, आणि त्या मानाने टाकीही खाली घ्यावी लागते. नाहीतर इंधन आपोआप झिरपून इंजिन गुदमरते.

हे बारकावे क्षुल्लक नाहीत. तापलेले वा गुदमरलेले इंजिन बहुधा उड्डाण होताच, विमान चढत असतानाच दगा देते. दुहेरी पंखांच्या आणि तारांच्या विमानास हवेचा अडथळा मोठा; इंजिन थांबताच त्याचा वेग झपाट्याने उतरतो. अशा वेळी नवखा चालक घाबरून विमान धावपट्टीकडे वळवितो, वळणात उरलासुरला वेग जातो, आणि विमान दगडासारखे खाली येते. आठ किलोग्रॅमचे ते ओझे माणसांवर पडले, तर नुकसान केवळ लाकडाचे राहत नाही. म्हणून उड्डाणापूर्वी जमिनीवरच एक पूर्ण टाकी जाळून पाहावी. सोबत्याने विमान घट्ट धरून नाक वर करावे आणि इंजिन पूर्ण वेगाने काही सेकंद चालवावे. आवाज बसू लागला, तर त्या दिवशी विमान घरी न्यावे. आणि हवेत इंजिन थांबलेच, तर नाक थोडे खाली करून समोरच उतरावे; मागे वळू नये.

थोडक्यात, आधी वजन, मग वेग, मग प्रोपेलर आणि शेवटी इंजिन, हा क्रम सोडू नये. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण या छंदालाही लागू पडते. प्रत्येक विमान आपल्याला काय हवे ते आपल्या मापांतूनच सांगत असते. ज्याने ते आधी कागदावर वाचले, त्याचे विमान संध्याकाळी अखंड घरी परत येण्याचा संभव अधिक.