उतरत्या पाण्याचे पक्षी
वर्धा जिल्ह्यातील हिवाळी पक्षी, सिंचन तलाव आणि आपली जबाबदारी

वर्धा जिल्ह्यात हिवाळी पक्षी पाहायचे म्हटले की बोट आधी बोरच्या जंगलाकडे जाते. ते स्वाभाविकच आहे. १९७० मध्ये अभयारण्य आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेले बोर हे जिल्ह्यातले सर्वात परिचित वन्यजीव क्षेत्र. थंडीत तिथे लाल छातीच्या माशीमारापासून थिरथिऱ्यापर्यंत अनेक छोटे स्थलांतरित पक्षी दिसतात. पण दर हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारी बदके, पट्टकदंब, चिखले आणि तुतवार जंगलाच्या भरवशावर येत नाहीत. ते उतरतात समुद्रपूरकडच्या पोथरा आणि लाल नाला प्रकल्पांवर, सेलूकडच्या पंचधारेवर, धामच्या जलाशयावर, वर्ध्याजवळच्या रोठा तलावावर आणि अशाच कितीतरी लहान-मोठ्या तलावांवर. ही सगळी पाणी साठवण्यासाठी माणसाने बांधलेली ठिकाणे आहेत, आणि त्यांच्या पाण्याची पातळी ठरते ती शेतीच्या गरजेवरून. वर्ध्याच्या हिवाळी पाणपक्ष्यांचे भवितव्य वनखात्याच्या सीमाखुणांपेक्षा रब्बीच्या पाणी नियोजनावर, तलावाच्या काठावर आणि मासेमारीच्या रीतीवर जास्त अवलंबून आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे. त्यामुळे त्यांच्या संरक्षणाचा विचारही तिथूनच सुरू व्हायला हवा.

या जिल्ह्याचा भूगोल पाहिला की हे अधिक स्पष्ट होते. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे, मालगुजारी तलावांची दाट परंपरा आहे. नवेगाव बांधसारखे तलाव तिथे पिढ्यान्‌पिढ्या पक्ष्यांचे आश्रयस्थान राहिले. वर्धा मात्र काळ्या मातीचा, कपाशीचा मुलूख. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढून हा जिल्हा केला गेला, त्यामागेही कापसाचेच गणित होते. पश्चिमेला वर्धा नदी, मधून धाम, बोर, यशोदा आणि वणा या नद्या वाहतात, पण मोठे नैसर्गिक सरोवर इथे एकही नाही. पाण्याचे विस्तीर्ण पसारे दिसू लागले ते स्वातंत्र्यानंतर. १९६० च्या दशकात बोर धरण झाले, मग पुढच्या काही दशकांत मध्यम आणि लघु प्रकल्पांची मालिका, आणि अलीकडे आर्वी तालुक्यात धनोडीजवळ निम्न वर्धा प्रकल्प. म्हणजे आज आपण ज्या पाण्यावर बदकांचे थवे मोजतो, ते बहुतेक एक-दोन पिढ्यांपूर्वी तिथे नव्हतेच. ज्या जिल्ह्याने हे पाणी उभे केले, त्याच जिल्ह्याच्या हाती आता या पक्ष्यांचा हिवाळा आला आहे.

मात्र नुसते पाणी असून भागत नाही. पाणपक्ष्यांना पाण्याच्या खोलीत फरक लागतो, आणि सिंचन तलाव तो आपोआप पुरवतो. महाराष्ट्रात १५ ऑक्टोबरचा साठा पाहून सिंचनाचे नियोजन होते. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तने ठरतात आणि गहू-हरभऱ्यासाठी पाणी सुटू लागते. तलाव हळूहळू उतरतो आणि दर आठवड्याला काठाचा एक नवा पट्टा उघडा पडतो. जानेवारीत अशा एखाद्या काठाचा आडवा छेद डोळ्यांसमोर आणावा. मध्यभागी, जिथे बुडी मारल्याशिवाय अन्न मिळत नाही, तिथे शेंडी बदके आणि वारकरी. त्याच्या अलीकडे, मान बुडवून तळ गाठता येईल एवढ्या पाण्यात शेपटी वर करून चरणारी तलवार बदके. आणखी उथळात थापट्या आपली फावड्यासारखी चोच पृष्ठभागावरून फिरवतो. त्या चोचीच्या कडेला कंगव्याच्या दातांसारखी बारीक रचना असते, तिच्यातून पाणी निथळते आणि सूक्ष्म जीव आत राहतात. मग लांब तांबड्या पायांचा शेकाट्या, आणि पाणी व चिखल यांच्या नेमक्या सीमारेषेवर टिलवा. जेमतेम २०-३० ग्रॅमचा हा जीव उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात घरटे करतो आणि हिवाळाभर अशा ओल्या चिखलात चोच टोचत राहतो. त्याच्या मागे, पाणी हटून कोवळे गवत फुटलेल्या जमिनीवर धोबी, तिरचिमण्या आणि चरणारे पट्टकदंब. काठ मंद उताराचा असेल तर पाणी हातभर उतरले तरी कित्येक मीटर चिखल उघडा होतो. काठ उभा असेल, तर तेवढेच पाणी उतरूनही टिलव्याला उभे राहायला जागा मिळत नाही. म्हणून तलावात पाणी किती आहे याच्या जोडीला ते कसे आणि किती वेगाने उतरते, हेही विचारावे लागते.

पट्टकदंबाचे उदाहरण थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा राखाडी हंस मंगोलिया, तिबेट, चिंगहाई आणि लडाखच्या उंच सरोवरांकाठी प्रजनन करतो. हिमालय ओलांडताना उपग्रह ट्रान्समीटर लावलेल्या एका पक्ष्याची ७,२९० मीटर उंचीवर नोंद झाली आहे. त्याच्या रक्तातले हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू चांगला पकडते. तरीही तो कायम उंचावरून उडत नाही. डोंगराच्या चढउताराला धरून वरखाली होत जाण्यात त्याची शक्ती वाचते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. एवढ्या श्रमाने इथे पोचलेल्या पक्ष्याला परतीच्या प्रवासाची चरबी याच काठांवर साठवायची असते. दिवसा मोकळ्या पाण्याच्या कडेला सुरक्षित विश्रांती आणि संध्याकाळनंतर जवळपासच्या गवतात व शेतात चराई, असा त्याचा क्रम. या दोहोंपैकी एक गोष्ट बिघडली तरी मार्चमधले उड्डाण अवघड होते. प्रजननाचा देश तो आपला आणि हिवाळ्याचा तो परका, असा भेद पक्ष्याच्या शरीराला ठाऊक नाही. वर्षातले चार-पाच महिने तो वर्ध्यासारख्या जिल्ह्यांच्या अन्नावर जगतो.

एवढे महत्त्व असूनही या तलावांना पाणथळ म्हणून कायद्याचे छत्र नाही. २०१७ च्या पाणथळ जागा संवर्धन आणि व्यवस्थापन नियमांनी पाणथळीच्या व्याख्येतून सिंचन, पिण्याचे पाणी, मत्स्यशेती यांसाठी खास बांधलेल्या रचना वगळल्या. पक्ष्याला मारणे किंवा जाळ्यात पकडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहेच, पण त्याच्या खाली असलेला चिखल मात्र कोणाच्याच यादीत येत नाही. बोरच्या जलाशयाला शेजारच्या वाघामुळे थोडे लक्ष मिळते. पोथरा किंवा रोठ्याला तेही नाही. यावर एक आक्षेप घेतला जातो: कृत्रिम तलावाला निसर्गाचा दर्जा कशाला द्यायचा? त्याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. राज्यातले पहिले रामसर स्थळ ठरलेले नांदूर मधमेश्वर हे गोदावरीवरच्या सिंचन बंधाऱ्यामुळे तयार झालेले पाणी आहे. जायकवाडीचे पक्षी अभयारण्य धरणाचेच. पाणी कोणी अडवले यावरून अधिवासाची किंमत ठरवायची, तर राज्यातली उत्तमोत्तम पक्षिस्थळे खोडून टाकावी लागतील.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो शेतकऱ्याचा आहे. पाणी शेतीसाठी साठवले, त्यात पक्ष्यांचा वाटा कुठून आला? शिवाय हंस हरभरा आणि गहू चरतात, ते नुकसान कोणी सोसायचे? कर्ज आणि दुष्काळ यांनी पोळलेल्या या भागात हा प्रश्न हलका समजणे अन्यायाचे होईल. पण पक्ष्यांसाठी शेतीचे पाणी तोडा, अशी मागणी इथे नाही. उलट रब्बीची आवर्तने हीच पक्ष्यांना लागणारी उथळ जागा तयार करतात. शेती आणि पक्षी यांचे वेळापत्रक बऱ्याच अंशी एकच आहे. मागणी आहे ती काठाची. गाळपेर, म्हणजे पाणी उतरून उघड्या पडलेल्या जमिनीवरची शेती, करताना संपूर्ण काठ पाण्यापर्यंत नांगरू नये, एखादी बाजू मोकळी राहू द्यावी. २०१७ पासून राबवल्या जाणाऱ्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून तलावाची क्षमता वाढते आणि शेताला सुपीक माती मिळते, हे खरेच. उपसा उन्हाळ्यात होतो, तेव्हा स्थलांतरित पक्षी बहुतेक परतलेले असतात. पण यंत्राने उभी कापलेली कड पुढच्या हिवाळ्यातही तशीच राहते. खोदाई मध्यभागाकडे ठेवून काठाचा मंद उतार राखला, तर गाळही निघेल आणि चिखलही राहील. मासेमारी सहकारी संस्थांशी बोलून विश्रांतीच्या एका कोपऱ्यात दिवसा जाळी आणि नावा टाळता येतील. बेशरमाची झुडपे काढणे तर मासेमार आणि पक्षी दोघांच्याही हिताचे. पिकाच्या नुकसानीचे मात्र गोड बोलून समाधान करू नये. नुकसान मोजले जावे आणि त्याचा मोबदला शेतकऱ्याला मिळावा.

तिसरा आक्षेप पुराव्याबद्दल आहे. यंदा एका तलावावर बदके कमी दिसली म्हणून ती घटली असे कसे म्हणायचे? हा आक्षेप योग्य आहे. पाऊस भरपूर झाला की पक्षी अनेक पाण्यांवर विखुरतात. कमी झाला की उरलेल्या मोजक्या तलावांवर दाटी होते. एका ठिकाणची गर्दी किंवा तुटवडा यावरून निष्कर्ष काढणे फसवे ठरते. म्हणूनच जिल्ह्यातल्या सगळ्या प्रमुख तलावांवर, ठरलेल्या दिवशी, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षे मोजणी लागते. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत याच विचाराने होते. नागरिकांच्या नोंदींचे मोल २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालाने दाखवून दिले. त्यात ९४२ प्रजातींचा आढावा मुख्यतः हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून घेतला गेला आणि दूरवरून येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांची घट चिंताजनक असल्याचे दिसले. महाराष्ट्रात मारुती चितमपल्ली यांच्या ५ नोव्हेंबर या जन्मदिवसापासून सलीम अली यांच्या १२ नोव्हेंबर या जन्मदिवसापर्यंत पक्षी सप्ताह साजरा होतो. तो उत्साह स्वागतार्ह आहे, पण त्या आठवड्यात तलाव बहुधा काठोकाठ असतात आणि बरीच बदके यायची असतात. पक्ष्यांची खरी कसोटी जानेवारी ते मार्च या काळात लागते. निरीक्षकांचे श्रम तेव्हा लागले आणि पक्ष्यांच्या आकड्यांशेजारी त्या दिवशीचा पाणीसाठाही नोंदवला, तर पाण्याची पातळी आणि पक्षी यांचे नाते जिल्ह्यापुरते तरी सिद्ध करता येईल.

हे काम करणारी माणसे वर्ध्यात आहेत. २०१८ मध्ये बहार नेचर फाउंडेशन आणि नगर परिषद यांच्या पुढाकाराने शहरपक्षी निवडण्यासाठी मतदान झाले आणि नागरिकांनी नीलपंखाला कौल दिला. नीलपंख हा शेताच्या बांधावरचा, तारेवर बसून किडे टिपणारा पक्षी, घनदाट जंगलातला नव्हे. पाचच वर्षांनी आलेल्या त्याच राष्ट्रीय अहवालात, घट लक्षात घेऊन ज्या १४ प्रजातींचा जागतिक धोका नव्याने तपासावा असे सुचवले गेले, त्यांत नीलपंखही आहे. बांधावरचा नीलपंख आणि तलावकाठचा टिलवा यांचा प्रश्न मुळात एकच: जिथे माणूस राबतो तिथेच त्यांना जगायचे आहे आणि त्या जमिनीला राखीव क्षेत्राचे कुंपण घालता येणार नाही. म्हणून निर्णयाची जागा बदलली पाहिजे. कालवा सल्लागार समितीसमोर १५ ऑक्टोबरच्या साठ्याबरोबर मागच्या जानेवारीची पक्षिगणनाही ठेवली जावी. गाळ काढण्याच्या आराखड्यात काठाचा उतार नमूद व्हावा. ग्रामपंचायत, मासेमारी संस्था आणि पक्षिमित्र यांनी प्रत्येक तलावाचा एक शांत कोपरा एकत्र बसून ठरवावा. यांपैकी एकाही गोष्टीला नवे धरण, नवा कायदा किंवा मोठा निधी लागत नाही. ज्या वर्ध्याने मतदान करून आपला शहरपक्षी निवडला, त्याने हिवाळी पाणपक्ष्यांच्या पाण्याचे आणि काठाचे नियोजनही आपले मानावे.