सोयी गावात, माणसं फडावर

दरवर्षी दसरा जवळ आला की बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात ट्रॅक्टर-ट्रक भरू लागतात. भांडीकुंडी, पीठमीठ, पत्र्याची पेटी, कोपीचे म्हणजे झोपडीचे बांबू, ताडपत्री आणि त्यावर बसलेली लेकरं. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतली कित्येक गावं दसरा-दिवाळीला ओस पडतात, ती गुढीपाडव्याच्या सुमारास पुन्हा भरतात.

कारण जुनंच आहे. जमीन मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. बाजरी, सोयाबीन, तूर, कापूस सगळं एका पावसावर. मांजरा नदी याच डोंगरात, पाटोदा तालुक्यात उगम पावते. तिचं पाणी अडतं मात्र खाली धनेगावच्या धरणात. म्हणून मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची आणि पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामात उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर.

कागदावर गावाला सोयी आहेत : जिल्हा परिषदेची शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र, रेशन दुकान, जलजीवन मिशनचा नळ. पण या साऱ्यांचा हिशेब बारा महिने घरी राहणाऱ्या माणसाचा आहे. नळ अंगणात येतो, तेव्हा घराला कुलूप असतं. 26 जानेवारीची ग्रामसभा भरते, तेव्हा ज्यांच्या अडचणी मांडायच्या ते उसात उभे असतात.

उसाच्या फडावरचा दिवस भल्या पहाटे सुरू होतो. बाई अंधारात भाकरी थापते, पाणी शेजारच्या मोटारीवरून नाहीतर पाटातून आणते. नवरा ऊस तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. संडास नाही, आडोसा नाही. पाळी असो की ताप, एक दिवस बसलं की खाडा. मजुरी बुडते, वर दंडही कापला जातो.

याची किंमत 2019 मध्ये आकड्यांत दिसली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात 13,861 जणींची गर्भाशयं काढल्याचं आढळलं. या प्रकरणी चौकशी समिती बसली, शस्त्रक्रियांवर नियंत्रण आलं. पण पाणी, विश्रांती आणि वेळेवर औषध मिळालं असतं, तर साध्या दुखण्यासाठी किती जणींनी ऑपरेशनचं टेबल गाठलं असतं?

स्थलांतर डोळ्यांसमोर ठेवून उभी राहिलेली एक सोय मात्र आहे, ती म्हणजे हंगामी वसतिगृह. आईबाप फडावर गेले तरी मूल आजी-आजोबांजवळ राहतं, दोन्ही वेळा शाळेत जेवतं, वर्ग बुडत नाही. याशिवाय 2021 मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने 41 तालुक्यांत 82 शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली. ही वसतिगृहं मुलींसाठी फार मोलाची आहेत. वयात आलेल्या लेकीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं, या काळजीपोटी तिचं लग्न उरकलं जातं. लग्न झालं की जोडीचा नवा कोयता तयार होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीडमधल्या 20 ते 24 वयाच्या सुमारे 44 टक्के तरुणींचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसलं.

वसतिगृहाने दाखवलेली वाट बाकीच्या सोयींनीही धरायला हवी. गाड्या सुटण्याआधी ग्रामसभा घ्यावी आणि कोण कुठल्या कारखान्यावर चाललं, याची नोंद ग्रामपंचायतीत व्हावी. गरोदर बाईचं कार्ड आणि बाळाच्या लसींची नोंद कारखान्याच्या भागातल्या आरोग्य केंद्राकडे आधीच पोचावी. रेशन आता कुठेही उचलता येतं. ते कोप्यांच्या तळाजवळच्या दुकानात खरंच मिळतं का, हे पाहणारा माणूस नेमावा. कोप्यांच्या तळावर पाणी, संडास आणि दिवा देणं ही कारखान्याची जबाबदारी ठरवावी आणि त्याशिवाय गाळपाचा परवाना देऊ नये. ज्यांच्या कष्टावर साखर तयार होते, त्यांना हे मिळणं हा हक्क आहे.