जुन्या पद्मिनीला इलेक्ट्रिक फॅन लावताय? आधी डायनॅमो बघा

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे निवृत्त झाली. टॅक्सी गेली, पण घरगुती पद्मिनी अजून आहेत. कुणाकडे आजोबांनी घेतलेली, कुणी हल्ली हौसेने शोधून आणलेली. या गाड्यांच्या मालकांची एक तक्रार मात्र ठरलेली असते. मोकळ्या रस्त्यावर गाडी मजेत धावते, ट्रॅफिकमध्ये अडकली की टेम्परेचरचा काटा चढायला लागतो. मग कुणीतरी सल्ला देतं, "मारुती ८०० चा इलेक्ट्रिक फॅन टाक, प्रश्न मिटला."

सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे.

उभी राहिली की गरम का होते?

पद्मिनीचा मूळ फॅन वॉटर पंपाच्या पुलीवर बसलेला असतो आणि इंजिनच्या बेल्टवर फिरतो. म्हणजे इंजिन जोरात तर फॅन जोरात, इंजिन आयडलिंगला तर फॅनही सुस्त. ही गाडी १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, तेव्हाच्या रस्त्यांना हे चालून गेलं. आज मे महिन्यात सायनच्या सिग्नलला १५ मिनिटं उभं राहायचं म्हणजे समोरून वारा नाही आणि फॅनलाही दम नाही.

इलेक्ट्रिक फॅनला इंजिनच्या वेगाशी देणंघेणं नसतं. गाडी उभी असतानाही तो पूर्ण वेगात फिरतो. त्यामुळे ट्रॅफिक आणि संथ चढाचा घाट, या दोन ठिकाणी त्याचा खरा फायदा.

पण तुमची गाडी हायवेवर ७० च्या वेगात गरम होत असेल तर फॅन बदलून काही होणार नाही. त्या वेगाला समोरून येणारा वाराच पुरेसा असतो. तिथे दोष बहुधा गाळ साचलेल्या रेडिएटरमध्ये, अडकलेल्या थर्मोस्टॅटमध्ये, वॉटर पंपात किंवा इग्निशन टायमिंगमध्ये असतो. आधी तो शोधा.

खरी अडचण विजेची

या भागाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. जुन्या पद्मिनीत बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटर नसतो, डायनॅमो असतो. लांबट, लोखंडी नळकांड्यासारखा दिसतो तो डायनॅमो. त्याचा रेग्युलेटर वेगळ्या डबीत असतो. आखूड, जाड आणि जाळीदार अ‍ॅल्युमिनियमची बॉडी असेल तर अल्टरनेटर.

त्या काळचे डायनॅमो इंजिन वेगात असताना जेमतेम २० अँपिअरच्या आसपास करंट देतात. आयडलिंगला जवळजवळ काहीच देत नाहीत. सिग्नलला डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणतो, तो हेच सांगत असतो.

आता हिशेब करा. मध्यम आकाराचा फॅन साधारण ८ ते १० अँपिअर खातो. हेडलाइट आणखी तेवढेच. इग्निशन कॉइल आणि मागचे दिवे धरले की आकडा २० च्या पुढे जातो. म्हणजे फॅनला वीज नेमकी अशा वेळी लागते, जेव्हा डायनॅमो ती देत नाही! सगळा भार बॅटरीवर. रात्रीच्या अर्ध्या तासाच्या जॅममध्ये १० अँपिअर-अवर सहज जातात आणि पद्मिनीत बसणारी बॅटरी असते ३५ च्या आसपास. बॅटरी जुनी असेल तर पुढच्या वेळी इंजिन बंद केल्यावर धक्का मारायला माणसं शोधावी लागतील.

त्यामुळे माझं स्पष्ट मत असं की डायनॅमोच्या गाडीत आधी अल्टरनेटर बसवा, मग फॅन. खर्च वाढतो, मान्य. पण उलट क्रमाने केलं तर गरम गाडीच्या जागी बंद गाडी मिळते. मूळ फॅन काढला तरी बेल्ट काढायचा नाही, हेही लक्षात असू द्या. वॉटर पंप त्याच्यावरच चालतो.

फॅन निवडताना

बाजारात जाण्याआधी टेप घ्या. रेडिएटरच्या जाळीची लांबी-रुंदी आणि जाळीपासून वॉटर पंपाच्या पुलीपर्यंतचं अंतर मोजा. बहुतेक वेळा हे अंतरच ठरवतं की फॅन कुठे बसेल. रेडिएटरच्या मागे बसून हवा ओढणारा फॅन जास्त चांगलं काम करतो. मागे जागाच नसेल तर पुढे बसून हवा ढकलणारा घ्यावा लागतो, पण तो समोरचा वारा थोडा अडवतो. एकाचा मोटर-पंखा दुसऱ्या जागी तसाच लावू नका. पाती एका दिशेसाठी घडवलेली असतात.

फॅनभोवतीचं आवरण, म्हणजे श्राउड, सोबत मिळालं तर सोडू नका. ते नसेल तर फॅन फक्त स्वतःसमोरच्या गोलातूनच हवा ओढतो, कोपरे तसेच तापत राहतात. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून घेणार असाल तर मोटर बॅटरीला लावून, फिरवून, आवाज ऐकूनच पैसे द्या. आणि फॅन रेडिएटरच्या जाळीतून प्लॅस्टिकचे टाय ओवून बसवायचा नाही. गाडीच्या थरथरीने नळ्या घासतात आणि काही महिन्यांत गळती सुरू होते. पट्टीचा ब्रॅकेट करून रेडिएटरच्या फ्रेमला बोल्ट करा.

वायरिंग: रिलेशिवाय नको

डॅशबोर्डवर एक स्विच लावायचा आणि त्यातूनच फॅनची वायर न्यायची, हा शॉर्टकट सगळ्यात धोकादायक. फॅन सुरू होताना क्षणभर नेहमीच्या दोन-तीन पट करंट ओढतो. स्विच आणि ५० वर्षांच्या कापडी-रबरी वायरी त्यासाठी नाहीत. आग लागते ती इथून.

म्हणून चार पिनांचा रिले वापरा. पिन ३० ला बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट वायर, पिन ८७ मधून फॅनला. या मार्गाला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज हवा. १० अँपिअरच्या फॅनला २० चा चालतो. फ्यूज वायरीला वाचवतो, फॅनला नाही. म्हणून तो फॅनजवळ लावून उपयोग नाही. फॅनची दुसरी वायर स्वच्छ घासलेल्या पत्र्यावर अर्थ करा.

पिन ८६ ला इग्निशनमधून वीज द्या, म्हणजे चावी काढल्यावर फॅन बंद. पिन ८५ थर्मल स्विचमधून अर्थला. इथून अगदी किरकोळ करंट जातो, त्यामुळे जुनी वायरिंग तापत नाही. थर्मल स्विचवर ९२-८७ सारखे आकडे असतात. ९२ अंशांना फॅन सुरू, ८७ ला बंद. गाडीचा थर्मोस्टॅट ज्या तापमानाला उघडतो, त्याच्या वरचा स्विच निवडा, नाहीतर फॅन अखंड फिरत राहील. थर्मल स्विचला समांतर एक छोटा स्विच डॅशबोर्डवर घेतला तर घाटाआधी फॅन हाताने सुरू करता येतो. अगदी जुन्या काही ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचा पॉझिटिव्ह अर्थ असतो. तिथे ही जोडणी जशीच्या तशी चालणार नाही.

काम झाल्यावर फॅन सुरू करून रेडिएटरच्या पुढच्या बाजूला कागद धरा. तो जाळीला चिकटला पाहिजे. उडाला तर फॅन उलटा फिरतोय, मोटरच्या वायरी अदलाबदल करा. मग हेडलाइट लावून, आयडलिंगला, फॅन चालू असताना मल्टीमीटरने बॅटरी तपासा. १३ व्होल्टच्या वर असेल तर ठीक. १२.५ च्या खाली घसरत असेल तर चार्जिंग पुरत नाही. दहा मिनिटांनी फॅन बंद करून फ्यूज होल्डर आणि कनेक्टरला बोट लावून बघा. चटका बसण्याइतकं गरम लागलं तर तो जोड सैल आहे, तो पुन्हा करा.