विसाव्याचे घर

मे महिना लागला की आपल्या शहरांतील बिऱ्हाडे बाहेर पडतात. कोणी कोकणातील गावी, कोणी महाबळेश्वरास, कोणी अलीकडच्या रीतीप्रमाणे एखाद्या शेतावरच्या पर्यटन-निवासात. चार दिवसांनी परत येऊन कुलूप उघडताना जो तो एकच म्हणतो, ‘तिथे किती बरे वाटत होते!’ ज्या घराचे हप्ते वीस वर्षे फेडावयाचे, त्या घरात विसावा नाही आणि तो चार दिवसांपुरता भाड्याने घ्यावयाचा, हा व्यवहार आम्हांस नेहमीच विचित्र वाटत आला आहे. तो विसावा राहत्या घरात बांधून घेता येईल काय, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

आम्ही वास्तुकलेचे पदवीधर नाही. आमचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या वस्त्यांत झाले. परंतु विसावा हा विषय कामगार चळवळीला परका नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून धरलेल्या आग्रहामुळे. सुट्टी मिळाली, पण ती घालवावयाची कोठे? १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे बीडीडी चाळी उभारल्या. एकूण चाळी २०७, आणि एकेक खोली १६० चौरस फुटांची. नवराबायको, मुले, म्हातारी आई आणि गावाकडून नोकरीच्या शोधात आलेला चुलतभाऊ, एवढ्यांनी त्या खोलीत राहावयाचे. तेथे विसावा खोलीत नव्हताच. तो मधल्या बोळात, जिन्यावर, गच्चीत आणि समोरच्या मैदानात होता. आता या चाळींच्या जागी मनोरे उभे राहत असून २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. ही गोष्ट आनंदाचीच आहे. मात्र जागा तिप्पट झाली म्हणजे विसावाही तिप्पट झाला, असा हिशेब मांडता येत नाही.

कोकणातील जुने घर पाहा. आधी खळे, मग पडवी, मग ओटी आणि त्यानंतर माजघर. उन्हातून आलेल्या माणसाला पायरीपायरीने सावली मिळत जाते. माजघरात शिरेपर्यंत डोळे निवलेले असतात आणि डोक्यातली घाईही बरीचशी मागे राहिलेली असते. या रचनेत पडवीचे महत्त्व फार मोठे आहे, कारण पडवीत करावयाचे असे ठरलेले काम नसते. सुपारी कातरावी, पाऊस पाहावा, आल्यागेल्याशी दोन शब्द बोलावे. शहरातील घराचे दार उघडले की माणूस थेट दूरदर्शन संचापुढे येऊन पडतो. मध्ये उसंतच नाही.

सदनिकेत पडवीची जागा थोडीफार भरून काढील अशी एकच वस्तू असते, ती म्हणजे गॅलरी. आणि ताबा मिळताच आपण पहिले काम कोणते करतो? गॅलरीला जाळी बसवून, काचा सरकवून ती खोलीत मिळवून घेतो. पुढे तेथे जुने कपाट, सायकल आणि रिकामे खोके येऊन विसावतात. माणूस विसावत नाही. मग तोच गृहस्थ चार हजार रुपये मोजून डोंगरावरच्या निवासात जातो आणि दिवसभर कोठे बसतो म्हणाल, तर गॅलरीत! चोरांची भीती, मुलांची काळजी, ही कारणे खोटी नाहीत. त्यासाठी जाळी जरूर बसवावी. पण गॅलरी उघड्या हवेची राहू द्यावी आणि दोन माणसे समोरासमोर बसतील एवढी मोकळी ठेवावी.

वास्तुशिल्पकार चार्ल्स कोरिया यांनी हे सूत्र मोठ्या प्रमाणावर वापरून दाखविले. १९८० च्या दशकात नवी मुंबईतील बेलापूर येथे त्यांनी कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी जी वसाहत आखली, तिच्यातील भूखंड सुमारे ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे लहानच. तरीही प्रत्येक घराला स्वतःचे अंगण होते, आणि सात घरांत मिळून सुमारे ८ मीटर लांबीरुंदीचा एक सामाईक चौक. आपल्या हवेत वर्षातील बराच काळ उघड्या आकाशाखालची जागा खोलीसारखी वापरता येते, आणि तिला छपराचा खर्च येत नाही, हा त्यामागचा हिशेब. पुढे अनेकांनी ती घरे वाढविली किंवा पाडून नवी बांधली. कुटुंब वाढले की अंगणावर छप्पर चढते, हे आपल्याकडे सर्वत्रच होते, आणि त्याबद्दल रहिवाशांना दोष देणे आम्हांस पटत नाही.

ऊन आणि वारा यांचा विचार थोडक्यात करू. दुपारनंतरचे पश्चिमेचे ऊन खाली उतरून तिरपे येते, त्यामुळे आडवा छज्जा त्याला अडवू शकत नाही. भिंत दिवसभर तापते आणि ती उष्णता रात्री, नेमकी झोपेच्या वेळी, आत सोडते. म्हणून निजण्याची खोली पश्चिमेस नसावी. तेथे जिना, न्हाणीघर किंवा सामानाची खोली काढावी. पण पुण्याकडे उन्हाळ्यातील संध्याकाळचा सुखद वाराही पश्चिमेकडूनच येतो. तेव्हा ती बाजू पूर्ण बंद करून चालत नाही. खिडकी ठेवून तिच्यावर झाडाची सावली आणावी.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. सुट्टीच्या ठिकाणी बरे वाटते ते डोंगरामुळे आणि समुद्रामुळे, असे पुरुष समजतात. घरातील स्त्रीला विचारा. तिला बरे वाटते ते आयता चहा समोर येतो म्हणून. २०१९ सालच्या सरकारी कालवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवितात असे आढळले. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७. कारखान्यात पाच तासांच्या अशा जादा कामाचा मोबदला आम्ही दुपटीने मागितला असता. जे घर एकाला विसावा देते आणि दुसऱ्याला राबविते, त्याला विसाव्याचे घर कसे म्हणावे?

या बाबतीत जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहराचा दाखला घेण्यासारखा आहे. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पकार बाईंनी तेथील कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखले, रुंदी १.९ मीटर व लांबी ३.४ मीटर. कारखान्यात कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजतात, तीच पद्धत त्यांनी स्वयंपाकाला लावली आणि फुकट जाणारी पावले वाचविली. ज्या घड्याळाशी आमचे आयुष्यभराचे भांडण, त्याचा असाही उपयोग झाला! अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसविली गेली. त्यांच्यात एक उणीव राहिली असे पुढे अनेकांनी दाखविले: एकाच बाईला पुरेल एवढी ती खोली, त्यामुळे दुसऱ्याला मदतीला शिरताच येईना.

त्यावरून आपण शिकावे ते असे. ओट्याची उंची ठरविताना गवंड्याची सवय विचारू नये. पोळ्या लाटणारीचे कोपर विचारावे. कोपराच्या खाली तीनचार इंच ओटा असला की पाठ मोडत नाही. ओट्यापाशी दोघांना उभे राहता आले पाहिजे, म्हणजे ‘आत जागा कोठे आहे’ ही घरधन्याची सबब संपते. मोरी, भांड्यांचे फडताळ आणि कपडे वाळविण्याची जागा जवळजवळ असावी. पुसण्यास कठीण अशी नक्षी, खोटे छत, काचेच्या शोभेच्या मांडण्या यांचा मोह टाळावा. त्यांवरची धूळ कोणीतरी पुसावीच लागते.

काही घरांत तर घर हाच कारखाना असतो. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार स्त्रियांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने झालेली ही १०,००० घरे २००६ साली कामगारांच्या हाती आली. विड्या वळणारी बाई ज्या खोलीत मांडीवर सूप घेऊन बसते, तेथेच रात्री मुले निजतात, आणि तंबाखूची धूळ दोघांनाही सारखीच लागते. तेथे कामासाठी वेगळी पडवी आणि सूप, पाने, तंबाखू नजरेआड ठेवणारे दाराचे कपाट, एवढे झाले तरी संध्याकाळ वेगळी उगवते. शिवण करणाऱ्यांना आणि आता संगणकावर घरून नोकरी करणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

रात्रपाळीच्या माणसाचा विचार घर आखताना कोणी करीत नाही. परिचारिका, पहारेकरी, छापखान्यातील कामगार सकाळी घरी येतात, आणि तेव्हा सारे घर जागे होत असते. त्यांच्यासाठी एक लहान खोली दारापासून आणि मोरीपासून लांब, खिडकीला जाड पडदा असलेली, एवढी सोय होऊ शकते.

आपल्यापैकी पुष्कळजण भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात आणि भिंती हलविणे त्यांच्या हाती नाही. त्यांनी निदान पश्चिमेच्या खिडकीला बांबूचा चिक लावावा, तो मात्र काचेच्या बाहेरच्या बाजूने. ऊन एकदा काचेतून आत आले की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. बाहेर अडविले तर ती बाहेरच राहते. गच्चीखाली राहणाऱ्यांनी घरमालकाची परवानगी काढून मार्चअखेर गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्यावा. चुना स्वस्त आहे. पावसाने तो धुपतो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो.