बर्डी (तेत्सुवान बर्डी)

बर्डी सेफॉन अल्टेरा ही जपानी चित्रकथाकार मासामी युकी यांच्या 'तेत्सुवान बर्डी' या विज्ञानकथेची नायिका होय. ती परग्रहवासी असून अनेक ग्रहांच्या एका संघराज्याच्या पोलीस दलात तपास अधिकारी आहे. एका गुन्हेगाराचा पाठलाग करीत ती पृथ्वीवर येते. येथे तिच्याच प्रहाराने एक निरपराध विद्यार्थी प्राणघातक जखमी होतो आणि त्याला वाचविण्यासाठी त्याचे मन तिला स्वतःच्या शरीरात सामावून घ्यावे लागते. ही व्यक्तिरेखा प्रथम १९८५ साली मांगा, म्हणजे जपानी चित्रकथेच्या रूपात आली. पुढे तिच्यावर १९९६ आणि २००८ साली स्वतंत्र सचेतनपट मालिका निघाल्या. जपानी सचेतनपटांना 'ॲनिमे' असे म्हणतात. इंग्रजीत ही कथा 'बर्डी द मायटी' या नावाने ओळखली जाते.

नाव

'तेत्सुवान' या जपानी शब्दाचा अर्थ 'लोखंडी बाहू' असा होतो. हा शब्द जपानी वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. ओसामु तेझुका यांची 'तेत्सुवान आटोमु' ही चित्रकथा १९५२ साली सुरू झाली आणि १ जानेवारी १९६३ पासून तिची सचेतनपट मालिका दूरचित्रवाणीवर दाखविली जाऊ लागली. जगभर ती 'ॲस्ट्रो बॉय' म्हणून प्रसिद्ध आहे. यंत्रमानव असलेल्या त्या बालनायकाचे बिरुद युकी यांनी आपल्या नायिकेला दिले. बर्डीच्या अंगी असलेले अचाट बळही त्यातून सूचित होते.

कथानक

आवृत्तीनुसार तपशील बदलत असले तरी कथेचा गाभा एकच आहे. सेनकावा त्सुतोमु हा जपानमधील सामान्य घरातला विद्यार्थी आहे. परग्रहावरील फरारी गुन्हेगार आणि बर्डी यांच्या झटापटीत तो योगायोगाने सापडतो. गुन्हेगार त्याला ढालीसारखा पुढे करतो आणि गुन्हेगारासाठी उगारलेला बर्डीचा हात त्याच्यावर पडतो. त्याचे शरीर निकामी होते, पण मन वाचविता येते. शरीर पूर्ववत होईपर्यंत त्या मनाला बर्डीच्या देहात आश्रय दिला जातो.

त्यानंतर एकाच देहात दोघांचा संसार सुरू होतो. हा देह गरजेनुसार कधी बर्डीचे, तर कधी त्सुतोमुचे रूप धारण करतो. त्सुतोमुला शाळा, अभ्यास आणि मित्र सांभाळायचे असतात, तर बर्डीला तपास पुढे न्यायचा असतो. दोघे एकमेकांशी मनातल्या मनात बोलू शकतात. एकाचे रूप प्रकट असताना दुसऱ्याचे अस्तित्व मिटत नाही. त्यामुळे बर्डी जो धोका पत्करते, तो त्सुतोमुलाही पत्करावा लागतो.

२००८ च्या मालिकेत हा पेच अधिक तीव्र होतो. 'र्युंका' नावाच्या अतिसंहारक शस्त्राच्या शोधात बर्डी शिऑन अरिता या टोपणनावाने मॉडेल म्हणून वावरते. ते शस्त्र नाकासुगी सायाका या मुलीच्या देहात दडलेले असते आणि त्सुतोमुचे नेमके तिच्यावरच प्रेम असते. अधिकाऱ्याचे कर्तव्य आणि मुलाचे प्रेम यांचा संघर्ष येथे एकाच शरीरात घडतो.

या मालिकेचे दुसरे पर्व बर्डीच्या भूतकाळाकडे वळते. तिच्या वंशातील लोकांची शरीरे युद्धासाठी मुद्दाम अधिक बलवान घडविलेली असतात आणि त्यामुळे समाजात त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाते. पूर्वी झालेल्या एका भीषण संहाराला जबाबदार असलेले फरारी पृथ्वीवर लपलेले असतात आणि त्यांचा सूड घेतला जात असतो. त्या संहाराची झळ बर्डीलाही पोहोचलेली असते. तरीही गुन्हेगारांना जिवंत पकडून न्यायासनासमोर उभे करणे हेच तिचे कर्तव्य ठरते. सूड घेणारा नातारू हा तर तिचा बालमित्र असतो.

पूर्वसूत्रे

परग्रहावरचा पोलीस आणि पृथ्वीवरचा मुलगा एका देहात राहतात, ही कल्पना विज्ञानकथेत त्यापूर्वीही आढळते. अमेरिकन लेखक हॅल क्लेमंट यांच्या 'नीडल' (१९५०) या कादंबरीत फरारी गुन्हेगाराचा माग काढणारा परग्रहवासी एका किशोरवयीन मुलाच्या शरीरात आश्रय घेतो. मात्र तेथे मुलाला इजा झालेली नसते. जपानमध्ये १९६६ साली सुरू झालेल्या 'अल्ट्रामॅन' या दूरचित्रवाणी मालिकेत अपराधाचा धागा येतो. बेम्युलर या राक्षसाचा पाठलाग करताना अल्ट्रामॅनची हायाता या मानवाच्या विमानाशी धडक होते. त्यात हायाता मरण पावतो, तेव्हा अल्ट्रामॅन त्याला आपले जीवन देऊन त्याच्याशी एकरूप होतो.

युकी यांच्या कथेत या दोन्ही धाग्यांचा मिलाफ दिसतो. अल्ट्रामॅनमध्ये अपघातानंतर दोन व्यक्तींची एक व्यक्ती होते. बर्डीच्या कथेत मात्र ज्याला इजा झाली तो जागा राहतो, प्रश्न विचारतो, तक्रार करतो आणि आपले आयुष्य परत मागतो.

आवृत्त्या

मूळ चित्रकथा १९८५ पासून शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या 'शोनेन संडे' या नियतकालिकाच्या विशेष आवृत्तीत येऊ लागली, परंतु ती अपुरी राहिली. त्यानंतर युकी यांचे नाव 'पॅटलेबर' या चित्रकथेमुळे सर्वदूर झाले. तिचा विषयही पोलीस दलच आहे. तिची नायिका इझुमी नोआ ही महाकाय यंत्र चालविणारी पोलीस कर्मचारी आहे. पुढे युकी यांनी बर्डीची कथा नव्याने लिहावयास घेतली. ती 'यंग संडे' या साप्ताहिकात प्रसिद्ध होत असे. २००८ साली ते साप्ताहिक बंद पडल्यावर कथेचा उर्वरित भाग 'बिग कॉमिक स्पिरिट्स'मध्ये आला.

पहिली सचेतनपट मालिका १९९६ मध्ये मॅडहाउस या संस्थेने काढली. चार भागांची ही मालिका थेट चित्रफितींवर विक्रीस आली. तिचे दिग्दर्शन योशिआकी कावाजिरी यांनी केले असून बर्डीला आवाज कोतोनो मित्सुइशी यांचा आहे. 'सेलर मून' या गाजलेल्या मालिकेतील नायिकेचा आवाजही त्यांचाच आहे.

दुसरी मालिका 'डिकोड' या उपनावाने ए-१ पिक्चर्स या संस्थेने निर्माण केली. काझुकी आकाने हे तिचे दिग्दर्शक होत. पहिल्या पर्वाचे १३ भाग २००८ मध्ये आणि दुसऱ्या पर्वाचे १२ भाग २००९ मध्ये प्रसारित झाले. तीत साएको चिबा यांनी बर्डीला आणि मियु इरिनो यांनी त्सुतोमुला आवाज दिला.

मराठी परंपरेतील समांतर कल्पना

एका देहातील चैतन्य दुसऱ्या देहात जाणे याला मराठीत 'परकायाप्रवेश' असा जुना शब्द आहे. धुंडिसुत मालू यांच्या 'नवनाथ भक्तिसार' (१८१९) या ओवीबद्ध ग्रंथात मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या मृत देहात प्रवेश करतात आणि त्यांचा मूळ देह गोरक्षनाथांच्या राखणीत राहतो. अहिल्यानगर जिल्ह्यात पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची समाधी असून या भागात नाथकथा आजही घरोघरी वाचल्या व ऐकल्या जातात. त्यामुळे देह एकीकडे सांभाळून ठेवलेला आणि मन दुसरीकडे वावरत असलेले, ही कल्पना येथील वाचकाला नवखी वाटू नये.

मात्र दोन्ही कथांत महत्त्वाचा भेद आहे. मच्छिंद्रनाथ स्वतःच्या सामर्थ्याने व इच्छेने परदेहात जातात आणि तो देह रिकामा असतो. त्सुतोमुचा प्रवेश नाइलाजाने झालेला आहे आणि ज्या देहात तो जातो, तेथे त्याची मूळ स्वामिनी जागीच आहे.

व्यक्तिरेखेचे वैशिष्ट्य

बर्डी बलाढ्य, शीघ्रकोपी आणि कर्तव्यनिष्ठ आहे. गुन्हेगाराला पकडताना आजूबाजूची मोडतोड तिच्या ध्यानात राहत नाही. त्सुतोमु सौम्य व विचारी आहे. त्याच्या सहवासात तिला आपल्या बळाची दुसरी बाजू दिसू लागते. कर्तव्य बजावताना एखाद्या अधिकाऱ्याच्या हातून निरपराध माणसाला इजा झाली, तर बहुधा चौकशी होते, भरपाई दिली जाते आणि प्रकरण मिटते. बर्डीला तशी सुटका नाही. जो तिच्या चुकीचा बळी ठरला, त्याच्यासह तिला रोज जगावे लागते आणि पुढचा प्रत्येक प्रहार त्याच्या साक्षीने करावा लागतो. परग्रहवासी आणि पोलीस यांच्या साहसकथांत या व्यक्तिरेखेचे वेगळेपण या जबाबदारीत आहे.