पोहरा, दोर आणि नातीचें पदार्थविज्ञान

गेल्या भाद्रपदांतील गोष्ट. आमची थोरली नात बी. एस्‌सी.च्या पहिल्या वर्गांत जाऊं लागून दोन-अडीच महिने झाले होते. एके दिवशीं सायंकाळीं ती कॉलेजांतून आली ती कोणाशींहि न बोलतां थेट माडीवर गेली. रात्रीं पानावर बसल्यावर तिच्या आईनें खोदून विचारलें तेव्हां उलगडा झाला. पदार्थविज्ञानाच्या पहिल्या चांचणींत तिला तिसांपैकीं सात गुण मिळाले होते. शाळेंत नव्वदांच्या खालीं कधीं न उतरलेली मुलगी ही! धाकटे चिरंजीव म्हणाले, "अजून वेळ गेलेली नाहीं. पुढल्या वर्षीं सरळ कॉमर्सला नांव घालावें." सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत, पण त्यांच्या मनांतहि तेंच घोळत असावें. मीं वडीलकीच्या नात्यानें उपदेश केला, "सूत्रें कच्चीं राहिलीं असतील. पहाटे उठून पाठ करीत जा."

त्यावर ती म्हणाली, "आजोबा, सूत्रें मला सगळीं पाठ आहेत. पाठ आहेत म्हणूनच चुकलें."

हें उत्तर मला रात्रभर टोंचत राहिलें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, संस्कृताचा मास्तर. शब्दरूपावली घोकून घेण्यांत माझा उभा जन्म गेला, आणि या मुलीला पाठांतराची गोडीहि मींच लावलेली. तेव्हां दोष असेल तर त्यांत माझा वांटा मोठा, असें मनाशीं म्हणून दुसरे दिवशीं मीं तिच्याकडून ती प्रश्नपत्रिका मागून घेतली.

एक प्रश्न असा होता. वीस मीटर खोल विहिरींतून दहा किलोचा भरलेला पोहरा दोरानें वर ओढावयाचा आहे. दोर दर मीटरास दोनशें ग्रॅम भरतो. पोहरा कांठाशीं येईपर्यंत किती कार्य घडेल? नातीनें शाळेंतील सूत्र लावलें होतें : कार्य म्हणजे बल गुणिलें अंतर. पोहरा दहा किलो, दोर चार किलो, एकूण चौदा. त्यास गुरुत्वाच्या ९.८ नें व मग वीस मीटरांनीं गुणून तिनें २७४४ ज्यूल असें उत्तर काढलें होतें. त्यावर तांबडी फुली होती.

मला ज्यूल ठाऊक नव्हता, परंतु आडाचें पाणी ठाऊक होतें. लहानपणीं आमच्या गांवच्या वाड्यांतील आडावर मीं शेंकडों पोहरे ओढले आहेत. मीं तिला म्हटलें, "अग, पोहरा तळाशीं असतांना हाताला जेवढी ओढ लागते तेवढी तो कांठाशीं आल्यावर लागत नाहीं. दोर वर येत जातो तसतसें ओझें हलकें होतें."

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बल बदलत जातें. माझें सूत्र न बदलणाऱ्या बलाचें आहे!"

सर्व अडचणीचें मूळ येथें होतें. शाळेंतील बहुतेक सूत्रें सोईसाठीं सोपी केलेलीं असतात. त्वरण कायम आहे, बल कायम आहे, असें गृहीत धरूनच तीं रचिलेलीं असतात. कॉलेजांत मुलाला प्रथमच सांगितलें जातें कीं, जगांत फारसें कांहीं कायम नसतें, आणि जें क्षणोक्षणीं पालटतें त्याचा हिशेब ठेवण्याचें शास्त्र म्हणजे कॅल्क्युलस, आपल्याकडील कलनशास्त्र. बारावींत नातीनें विकलनाचे व संकलनाचे नियम घोकले होते. पण ते गणिताच्या वहींत. पदार्थविज्ञानाची वही निराळी. त्या दोन वह्यांची गांठ कोणीं घालून दिली नव्हती.

आम्हीं ती गांठ घालावयास बसलों. सारा दोर एकदम उचलण्याऐवजीं त्याचे चिमुकले तुकडे कल्पिले. अगदीं वरचा तुकडा जवळजवळ कांहींच चढत नाहीं. अगदीं खालचा वीस मीटर चढतो. मधले आपापल्या खोलीइतके चढतात. प्रत्येकाचें कार्य निराळें काढून त्यांची बेरीज घेतली, तर ती चार किलोचा दोर सरासरीनें दहा मीटर चढविल्याबरोबर होते, म्हणजे ३९२ ज्यूल. पोहऱ्याचे १९६० त्यांत मिळवून उत्तर आलें २३५२. अशी अगणित सूक्ष्म तुकड्यांची बेरीज म्हणजेच संकलन. त्याची खूण, तें लांबट वळणाचें चिन्ह, लायब्निट्झनें १६७५ सालीं योजिलें; लॅटिन भाषेंत बेरजेस 'सुम्मा' म्हणतात, त्यांतील पहिलें अक्षरच त्यानें उभें ताणलें आहे. व्याकरणाच्या मास्तराला ही व्युत्पत्ति ऐकून किती आनंद झाला, तो काय सांगावा!

दुसऱ्या दिवशीं विकलनाची पाळी आली. उंचावरून सोडलेला दगड पहिल्या सेकंदांत ४.९ मीटर पडतो, दोन सेकंदांत १९.६ मीटर. बरोबर एक सेकंद संपतांना त्याचा वेग किती? वेग म्हणजे अंतर भागिलें काळ. पण एका क्षणांत अंतर शून्य आणि काळहि शून्य, मग भागावें कशाला? नातीनें पाटीवर मांडून दाखविलें. पहिल्या सेकंदापासून दुसऱ्यापर्यंतचा सरासरी वेग १४.७ मीटर. एकापासून १.१ सेकंदापर्यंतचा घेतला तर १०.२९. १.०१ पर्यंतचा घेतला तर ९.८४९. १.००१ पर्यंतचा ९.८०४९. काळाचा तुकडा जसजसा लहान करावा तसतसा आंकडा ९.८ च्या जवळ जवळ सरकतो. तो ज्या सीमेकडे झुकतो ती सीमा हाच त्या क्षणींचा वेग. शून्यानें भागावें लागत नाहीं. शून्याकडे जातां जातां काय होतें एवढेंच पाहावयाचें.

हें ऐकतांना मला आमचे भास्कराचार्य आठवले. शके १०७२ मध्यें, म्हणजे इसवी सन ११५० सालीं, रचिलेल्या सिद्धान्तशिरोमणींत ग्रहाच्या आजच्या व उद्यांच्या स्थानांतील अंतरावरून काढलेली गति स्थूल मानून त्या त्या क्षणाची 'तात्कालिकी गति' त्यांनीं निराळी सांगितली आहे. चंद्राची चाल झपाट्यानें बदलते, म्हणून त्याच्या बाबतींत या सूक्ष्म गतीची विशेष गरज. याच आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें चाळीसगांवजवळ पाटण येथें मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे. परंतु अभिमानाच्या भरांत मर्यादा सोडूं नये. ग्रहांच्या गतीपुरतें सुचलेलें हें बीज आचार्यांपाशींच सर्वसामान्य पद्धतीला पोंचलें, असें म्हणतां येत नाहीं. बदलणाऱ्या कोणत्याहि राशीस लागू पडणारी पद्धति न्यूटन व लायब्निट्झ यांनीं सतराव्या शतकांत सिद्ध केली. आणि बल कोणत्या रीतीनें गति पालटवितें याचा नियम न्यूटननें १६८७ च्या आपल्या 'प्रिन्सिपिया'त सांगितला. 'तात्कालिक' हा शब्द मात्र नातीला फार आवडला. इंग्रजी पुस्तकाच्या समासांत तिनें तो पेन्सिलीनें लिहून ठेवला.

त्यानंतर तिचा अभ्यासक्रम मला थोडाबहुत उमगूं लागला. वेग म्हणजे स्थानाच्या बदलाचें मान, त्वरण म्हणजे वेगाच्या बदलाचें मान, बल म्हणजे संवेगाच्या बदलाचें मान. उलट दिशेनें जावें तर बलावरून वेग व वेगावरून स्थान संकलनानें हातीं येतें. कार्य व ऊर्जा, वस्तूंची टक्कर, चाकाचें फिरणें, गुरुत्वाकर्षण, झोपाळ्याचे हेलकावे, असे धडे पुढें येतात. नांवें निराळीं, पण त्यांच्या मुळाशीं हीच देवघेव. पाणिनीचीं सूत्रें ज्यानें नुसतीं घोकलीं त्याला तीं ओझें होतात. ज्याला अनुवृत्ति समजली त्याला एका सूत्रावरून दुसरें उलगडतें. तसेंच हें.

दिवाळीनंतर कॉलेजांत उष्मागतिकीला, म्हणजे उष्णता व कार्य यांच्या शास्त्राला, आरंभ झाला. मला वाटलें, आतां पोहरा सुटला. पण तो सुटला नाहीं. उष्णता हा कांहीं एक द्रव पदार्थ आहे, असें पूर्वीं पुष्कळ विद्वान् मानीत. रम्फर्ड यानें म्यूनिक येथें तोफेला बोथट हत्यारानें भोंक पाडवून नुसत्या घर्षणानें अडीच तासांत पाणी उकळवून दाखविलें व १७९८ सालीं तें प्रसिद्ध केलें. पुढें सॅल्फर्डच्या जेम्स ज्यूलनें खालीं उतरणाऱ्या वजनांकडून पाण्यांत वल्हीं फिरवून किती कार्याची किती उष्णता होते हें मोजलें. त्याच हिशेबानें आम्हीं आपला पोहरा मोजला. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास सुमारें ४१८६ ज्यूल लागतात. म्हणजे वीस मीटरांवरून पोहरा ओढून मनुष्य घामाघूम झाला, तरी तेवढ्या कार्यानें एक लिटर पाणी अर्ध्या अंशाहून किंचित् अधिक तापेल, इतकेंच!

आतां हिशेब उलट करूं. गीझरमधून साठ अंशांचें दहा लिटर पाणी काढून बादली न्हाणीघरांत तशीच राहिली आणि तीस अंशांवर निवली. तिनें हवेला सुमारें साडेबारा लक्ष ज्यूल दिले. तेवढ्या ऊर्जेनें आमचा पोहरा ५३० हून अधिक वेळां वर यावा! मग विहिरीवर कोणी कष्ट कां करावे? ऊर्जा नाहींशी होत नाहीं, एवढा पहिलाच नियम असता तर या प्रश्नास उत्तर नव्हतें.

तें उत्तर दुसऱ्या नियमांत आहे. त्याची पायवाट सादी कार्नो या फ्रेंच तरुणानें १८२४ सालीं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं लिहिलेल्या एका लहान पुस्तकांत आंखली. उष्णतेपासून कार्य मिळावयाचें तर ती उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे गेली पाहिजे आणि मिळकतीला मर्यादा असते, हें त्यानें ओळखलें. १८३२ सालीं पटकीनें तो वारला तेव्हां छत्तीस वर्षांचा होता. त्याचा विचार केल्व्हिन व क्लॉशियस यांनीं पूर्णत्वास नेला, आणि १८६५ सालीं क्लॉशियसनें एन्ट्रॉपी हें नांव योजिलें. उष्णतेस तिच्या निरपेक्ष तपमानानें भागिलें कीं एन्ट्रॉपींतील फेरबदल मिळतो, आणि सर्व मिळून तिची बेरीज कधीं घटत नाहीं.

येथें नातीनें स्वतःच मला थांबविलें. "आजोबा, पण कोणत्या तपमानानें भागावें? पाणी निवत असतांना तें सारखें बदलतें. हें तर दोरासारखेंच झालें!" मला त्या क्षणीं जो संतोष झाला तो तिच्या नव्वद गुणांनीं कधीं झाला नव्हता. तिनें उष्णतेचे बारीक तुकडे पाडले, प्रत्येकास त्या वेळच्या तपमानानें भागिलें, आणि संकलन केलें. पाण्यानें गमावलेली एन्ट्रॉपी आली सुमारें ३९५०, तीस अंशांच्या हवेनें मिळविलेली सुमारें ४१४२. जगाच्या खात्यांत १९२ ची भर पडली, ती पुन्हां निघावयाची नाहीं. निवण्यापूर्वीं त्या बादलीवर कल्पनेंतलें अगदीं निर्दोष यंत्र बसविलें असतें तरी पोहरा ५३० वेळां नव्हे, फार तर चोवीस वेळां वर आला असता. आणि एकदां निवल्यावर एकदांहि नाहीं.

वाचकांनीं असें समजूं नये कीं यानंतर सर्व सुरळीत झालें. चाकाच्या फिरण्यानें तिला पुष्कळ रडविलें, आणि मराठींतून शिकलेल्या मुलीला इंग्रजी प्रश्नाचा अर्थ लावण्यांतच अर्धा वेळ जातो. दुसऱ्या चांचणींत तिला तिसांपैकीं एकोणीस गुण मिळाले. धाकट्या चिरंजीवांनीं कॉमर्सचा विषय पुन्हां काढला नाहीं.

ज्या घरांतून मुलें-मुली या वर्गांत जात असतील तेथील वडीलधाऱ्यांस माझी एवढीच विनंति आहे. पहिल्या चांचणीचे गुण पाहून मुलाची बुद्धि जोखूं नका. शाळेंतला सोपा नियम सोडून तो प्रथमच बदलत्या जगाचा हिशेब शिकत असतो. त्याला "पाठ कर" म्हणूं नका, "यांत काय बदलतें आहे आणि काय कायम आहे?" एवढें विचारा. हा प्रश्न विचारण्यास गणित यावें लागत नाहीं. आजीला चुलीवरील आधणाचें ठाऊक असतें, आजोबांस आडाचें. तें सांगावें आणि मुलाला पाटीवर मांडूं द्यावें.

आमच्या नातीनें आतां त्या दोन वह्या ठेवून दिल्या आहेत. तिनें एकच जाड वही घातली आहे, आणि पहिल्या पानावर विहीर काढून तींत पोहरा सोडला आहे.