जाती थंडी, येतं आभाळ आणि आपला ऊस



महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते, असे जुनी माणसे सांगतात. पण जाता जाता ती एखादा तडाखा देते आणि तिच्या पाठोपाठ आभाळ येते. निफाड, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी या आपल्या पट्ट्यात माघ-फाल्गुनात एकाच आठवड्यात दोन्ही पाहायला मिळते. सोमवारी पहाटे पातीवर दव गोठलेले आणि शुक्रवारी दुपारी ढगांचा गडगडाट! अशा वेळी गट ऑफिसात एकच प्रश्न येतो, “साहेब, उसाला पाणी द्यायचं का थांबायचं?”

या प्रश्नाला सगळ्यांसाठी एक उत्तर नाही. थंडीच्या रात्री जे पाणी कोवळ्या उसाला सांभाळते, तेच पाणी दोन दिवसांनी पाऊस आला तर सरीत साचून नुकसान करते. म्हणून दारं धरण्याआधी आभाळ वाचता आले पाहिजे. त्यासाठी हा लेख.

दोन्हींची वाट एकच

हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून वाऱ्याचे झोत इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तानवरून उत्तर भारतात येतात. हवामान खाते त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणते. ते आले की हिमालयात बर्फ पडते. ते पुढे सरकले की मागे आभाळ मोकळे होते आणि उत्तरेचा कोरडा, बोचरा वारा खाली आपल्यापर्यंत पोचतो. हीच आपली थंडीची लाट.

पुढचा विक्षोभ आला आणि त्याचा प्रभाव दक्षिणेकडे वाढला, तर चित्र पालटते. समुद्रावरचे बाष्प आपल्याकडे ओढले जाते, वर थंड हवा आणि खाली तापलेली दमट हवा अशी गाठ पडते, आणि अवकाळी पाऊस, कधी गारपीटही होते. २०१४ साली फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या मोठ्या भागाला गारांनी झोडपले, ते आपण विसरलेलो नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत मराठवाड्यात पुन्हा तसेच झाले.

दव केव्हा गोठते?

आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि हवा कोरडी, अशा रात्री जमिनीची ऊब थेट वर निघून जाते. ढग असले की ते वाकळेसारखे काम करतात आणि ऊब खालीच राहते. म्हणून ढगाळ रात्री पारा फारसा उतरत नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत असतो. उघड्यावरची पात त्याहून काही अंशांनी जास्त गार होते. तेव्हा बातमीत ४ अंश ऐकले तरी खोलगट रानात दव गोठू शकते. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराकडे वाहते. त्यामुळे नदीकाठचे, ओढ्याकाठचे, बांध घातलेले खालचे रान आधी सापडते. वरच्या माळावरचा शेजारी “आमच्याकडे काही नाही” म्हणाला, म्हणून आपण निश्चिंत राहू नये.

थंडी उसाची वैरी नव्हे

थंड रात्र आणि कोरडा दिवस पक्व उसाला मानवतो. वाढ थांबते आणि साखर भरते. जानेवारी-फेब्रुवारीत उतारा चांगला लागतो तो त्यामुळेच. तोडीला आलेल्या उसाला थंडीच्या भीतीने पाणी देणे म्हणजे आलेली साखर पातळ करणे होय.

काळजी आहे ती सुरू लागणीची आणि नुकत्या फुटलेल्या खोडव्याची. तापमान २० अंशांच्या खाली राहिले की टिपरीचा डोळा रेंगाळतो. उशिरा उगवले म्हणून लगेच नांग्या भरायची घाई करू नये, चार उबदार दिवस वाट पाहावी. खोडव्याची पात शेंड्याला करपली तरी कोंब जमिनीत जिवंत असतो, तो पुन्हा फुटतो. घाबरून खोडवा मोडू नये. अमेरिकेतल्या लुईझियानात उसाची कांडी आतून गोठते आणि मग ऊन पडले की रस लवकर आंबतो. आपल्याकडे सहसा पातीवरच भागते.

थंडीच्या लाटेत काय करावे

१. कोवळ्या उसाला संध्याकाळी हलके पाणी द्यावे. ओली जमीन दिवसाची ऊब धरते आणि रात्री हळूहळू सोडते. विहिरीचे पाणी तर थंडीत कोमटच असते. सरी तुडुंब भरू नये. लाईट रात्रीचीच असेल तर निदान खोलगट वाफे आधी घ्यावेत.

२. खोडव्यात पाचट सरीत ओढून बुडखे मोकळे करावेत, म्हणजे कोंबाला दिवसाचे ऊन लागेल. शेक करण्यासाठी पाचट पेटवू नये. उघड्या रानात त्याची ऊब टिकत नाही आणि जमिनीचे खत मात्र जळते.

आभाळ पालटले की

उत्तरेचा वारा थांबून दक्षिणेकडून किंवा आग्नेयेकडून दमट वारा सुटला, पहाटेची थंडी एकाएकी कमी झाली, पश्चिमेकडून पांढरे ढग पसरू लागले, तर थंडीची भीती गेली आणि पावसाची आली असे समजावे. त्याच वेळी हवामान खात्याचा पाच दिवसांचा जिल्हावार अंदाज पाहावा.

३. पाणी लगेच बंद करावे. १० मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४० हजार लिटर पाणी. ते फुकट मिळणार असेल तर आपले कशाला घाला? युरियाचा हप्ताही थांबवावा, नाहीतर तो पाण्याबरोबर वाहून किंवा खाली झिरपून जातो.

४. जेवढी वाहने आहेत तेवढाच ऊस तोडावा. तोडलेला ऊस २४ तासांत गव्हाणीत पडला पाहिजे. रान चिखलले की ट्रॅक्टर रुततो, मोळ्या बांधावर राहतात, वजन आणि साखर दोन्ही घटतात. एफआरपी ठरते ती कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. एकाच्या शिळ्या उसाचा भुर्दंड सगळ्या सभासदांच्या दरावर पडतो.

५. रस्त्याकडेचा ऊस मागे ठेवून आतल्या रानातला आधी काढता येतो का, हे चिटबॉयशी बोलून ठरवावे. यात थोडे आपले-तुपले सोडावे लागते. पावसानंतर आतली वाट आठ-आठ दिवस बंद राहते, रस्त्याचा फड मात्र लवकर निघतो.

६. पाऊस उघडल्यावर साचलेले पाणी चर काढून द्यावे. लोळलेला ऊस आधी तोडीला लावावा, कारण त्याचे डोळे फुटतात आणि उंदीर लागतो. गारांनी पात फाटली असेल तर वाफसा आल्यावर खताचा हलका हप्ता द्यावा. बेणेमळ्यावर गारा पडल्या असतील तर डोळे तपासल्याशिवाय बेणे घेऊ नये.

कोपीतल्या माणसांचेही पाहा

आपल्या फडात आलेली टोळी उघड्या माळावर पाचटाच्या कोपीत राहते. लेकरंबाळं तिथेच असतात. थंडीला आणि पावसाला आपल्या आधी तीच सापडतात. आभाळ गडगडू लागले की कोयते खाली ठेवायला सांगावे, झाडाखाली कुणाला थांबू देऊ नये. विजेची सूचना ‘दामिनी’ ॲपवर मिळते, ती मुकादमापर्यंत पोचवावी. एका रात्रीपुरता गोठा, ओसरी किंवा शाळेचा व्हरांडा मोकळा करून दिला तर आपले काही बिघडत नाही.

थोडक्यात, रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर कोवळ्या उसाला हलके पाणी. ढग आणि दमट वारा असेल तर दारं बंद. शंका असेल तर पाणी देण्याआधी गट ऑफिसात विचारून जावे. आमचे दार उघडे आहे.

— शेतकी विभाग